छोट्या क्लॅरिनेटच्या नावाखाली माझे 15,140 रुपये गेले

3,000 अ‍ॅडव्हान्स, 11,500 माल पाठवण्याआधी आणि वर 640 पॅकिंग-कुरियरचे. लातूरकडच्या बँडवाल्यांनो, फोनवर जुनं वाद्य ठरवत असाल तर आधी हे वाचा.

पुतण्या आमच्याच बँडमध्ये तयार होतोय. नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटची खालची भोकं त्याच्या बोटांनी झाकत नाहीत, नुसती हवा जाते. म्हणून छोटी ई फ्लॅट बघत होतो. चांगल्या कंपनीची नवी आमच्या आवाक्याबाहेर. त्यात जाहिरात दिसली: जुनी, लाकडी, इंग्लिश बनावटीची, सुराला एकदम पक्की. माणूस गोड बोलणारा. मुंबईत वाद्यं दुरुस्त करतो म्हणाला, वाजवतानाचा व्हिडिओही पाठवला.

त्या व्हिडिओनं माझं डोकं अजून फिरतं. पठ्ठ्या सगळं खालच्याच सुरांत वाजवतो, मागची रजिस्टरची चावी एकदाही दाबत नाही. क्लॅरिनेटचं खरं-खोटं तिथंच कळतं. खालचा सा धरून ती चावी दाबली की वरच्या सप्तकातला पंचम निघतो, आणि हे दोन जुळत नसतील तर ते वाद्य कुणाच्या बापाला सुरात आणता येत नाही. मी म्हणालोही, "मोबाईलवरचा सूर मोजणारा ट्यूनर लावून दाखवा." तर म्हणे, "मास्तर, तो मोबाईल दुरुस्तीला टाकलाय, उद्या पाठवतो. पण नांदेडचं गिऱ्हाईक आत्ता पैसे टाकतंय." तिथंच फोन ठेवायला हवा होता! पण वैशाखाच्या तिथी तोंडावर, सुपाऱ्या घेतलेल्या, पोराला उभं करायचं होतं. आणि आमच्या धंद्यात सगळा व्यवहार शब्दावरच चालतो. माझ्या जागी कुणीही असता तरी पैसे टाकलेच असते.

पार्सल आलं. ई फ्लॅटवर सी वाजवला की हार्मोनियमची काळी दोन लागायला हवी. ही बोलत होती काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधोमध. बॅरल, म्हणजे तोंडाजवळचा जोड, ओढून पाहिलं, तर गळ्याचे (मधले) सूर धाडकन उतरले आणि खालचे होते तिथंच. मग कंपनीच्या शिक्क्याखाली काळं मेण भरलेलं दिसलं. नखानं खरवडलं तर आत दोन अक्षरं निघाली, एच पी. हाय पिच! जुन्या ब्रिटिश लष्करी बँडांचा सूर, 452 हर्ट्झच्या आसपासचा. आज सगळं 440वर चालतं. मेण काय आपोआप भरलं?

पोलीस ठाण्यात गेलो तर, "माल मिळाला ना मास्तर? मग फसवणूक कसली?" तिथून जिल्ह्याला पाठवलं. तिथं म्हणे बँकेचा उतारा आणा. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. उतारा घेऊन परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. एकानं तर विचारलं, "पिपाणीच ना ती?" त्या पिपाणीवर आमच्या घरातल्या चुली पेटतात, साहेब! दुसरा म्हणाला, तुम्ही धंदा करता, तुम्ही ग्राहक नाही. साफ खोटं. स्वतःच्या पोटासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेली वस्तू 2019च्या ग्राहक कायद्यात बसते. तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे मला एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही, मीच शोधून काढलं.

पैसे गेल्या गेल्या 1930ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, उद्यावर टाकू नका. एच पी की एल पी (लो पिच, म्हणजे आजचा सूर), शिक्क्याचा जवळून फोटो मागा. ट्यूनरसकट, खालपासून वरपर्यंत वाजवलेला व्हिडिओ नसेल तर रुपया देऊ नका. आणि लाकडाचा हट्ट सोडा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुनं लाकूड तडकतं. शिकणाऱ्या पोराला प्लास्टिकची, पण सुरात असलेली बरी.

त्यानं माझा नंबर ब्लॉक केलाय. जाहिरात मात्र चालूच आहे, मागे तोच निळा पडदा, तोच व्हिडिओ. आता किंमत 13,500 लावलीय.