क्रुशल बीएक्स५०० एसएसडी (४८० जीबी): जुन्या लॅपटॉपला पुरेशी, पण पेटीत फक्त डिस्कच

दहाएक वर्षं जुन्या लॅपटॉपात बहुधा ५४०० आरपीएमची हार्डडिस्क असते. सेवा केंद्रात सातबारा निघेपर्यंत माणूस चहा पिऊन येतो, त्यात सर्व्हरचा दोष वजा केला तर उरलेला तिचाच. तिच्या जागी ही २.५ इंची, ७ मिमी जाडीची सॅटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) सरळ बसते. पेटीवर सेकंदाला ५४० एमबी लिहिलंय. सॅटा-२ (जुन्या, धिम्या जोडणीच्या) मशीनवर त्याच्या निम्माच वेग मिळतो, तरी विंडोज चालू होण्यातला फरक लगेच दिसतो.

उणीव एकच, पण मोठी. हिच्यात डीरॅम (डिस्कची स्वतःची वेगवान मेमरी) नाही. लग्नाचं शूटिंग शंभर-दीडशे जीबी एकदम टाकलं की कॅश (वेगाने लिहायची राखीव जागा) भरते आणि वेग हार्डडिस्कच्या आसपास येतो. व्हिडिओचं काम असेल तर सॅमसंग ८७० इव्हो घ्या. तिला वॉरंटीही तीनऐवजी पाच वर्षांची. २४० जीबीच्या वाटेला जाऊ नका, विंडोजात ती २२३ च दिसते.

पेटीत ना स्क्रू, ना केबल. जुन्या डिस्कची नव्या डिस्कवर हुबेहूब नक्कल (क्लोन) करायला यूएसबी ३.० ते सॅटा केबल वेगळी घ्यावी लागते. तालुक्याला नाही मिळाली तर नागपूरला सीताबर्डीत पाहा.

क्लोन करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने जुनी डिस्क तपासा. पिवळा इशारा असेल तर क्लोन मध्येच अडकतं. अशा वेळी आधी कामाच्या फाइली बाहेर काढा, मग ८ जीबी पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) आधी बंद करा. २०० जीबी डेटाला यूएसबी ३ वर पाऊण-एक तास, यूएसबी २ वर दीड-दोन तास लागतात. तेवढ्यात लाईन गेली आणि बॅटरी मेलेली असेल, तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून लोडशेडिंगची वेळ पाहूनच बसा.

उघडताना चार्जर काढा, आतला बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून ठेवा. झाकण अडलं तर ओढू नका. एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या जागेत लपलेला असतो. काही मॉडेलांत डिस्क चपट्या रिबनला जोडलेली असते. तिची खिटी आधी नखाने उचला, नाहीतर खिटीच तुटते आणि नवी डिस्क बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसतच नाही. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट आणि स्क्रू नवीला लावा. जुनी ९.५ मिमीची असेल तर नवी हलते, कनेक्टर सैल होतो. वर अडीच मिमीची फोमची पट्टी चिकटवा. घरात कापूस भरून ठेवला असेल तर पंख्यात तंतूंचा गोळा सापडेलच. पंखा बोटाने धरून गोळा ब्रशने काढून टाका.

डिस्क दिसते पण विंडोज चालू होत नाही, असं झालं तर बायोसमधलं लेगसी-यूईएफआय (चालू होण्याची जुनी-नवी पद्धत) जुन्या डिस्कप्रमाणे आहे का ते पाहा. जुनी डिस्क महिनाभर फॉरमॅट करू नका.