क्रूझवरचं लाइव्ह म्युझिक : थिएटरपेक्षा लाउंज भारी

सात रात्रींच्या क्रूझवरून परत आलोय, जहाजाबद्दल बाकी सगळे लिहितातच म्हणून मी फक्त गाण्याबजावण्याबद्दल लिहिते.

पहिल्या रात्री सगळ्यांसारखे आम्हीपण मोठ्या थिएटरात पळालो. लाइट्स, कपडे, नाच, सगळं एकदम चकाचक, पण गाणाऱ्यांच्या मागे अर्धं म्युझिक रेकॉर्डेड ट्रॅकवर चाललेलं कळत होतं, ड्रमर कानात हेडफोन घालून त्या ट्रॅकच्या मागे मागे वाजवत होता बिचारा. शो पाऊण तासाचा, कारण एकच शो रात्री दोनदा करायचा असतो, तेव्हा रंगात आला की संपलाच. वाईट नाही, एकदा बघा. आमच्या जहाजावर थिएटर पुढच्या टोकाला होतं आणि जहाजाचं पुढचं टोक लाटांवर सगळ्यात जास्त वरखाली होतं, त्यामुळे ज्यांना समुद्र लागतो त्यांनी मागच्या रांगेत, दाराजवळ बसा. एका रात्री समुद्र खवळला तर नाचातल्या उचलाउचलीच्या सगळ्या स्टेप्स गाळल्या, बरोबरच आहे म्हणा, कोण पडलं तर!

खरी मजा खालच्या मजल्यावरच्या लाउंजमध्ये, जहाजाच्या मधोमध. तिथे हलणं कमी जाणवतं, आणि तिथेच पियानो, डबल बास (उभं धरून वाजवायचं ते भलंमोठं व्हायोलिनसारखं वाद्य) आणि गाणारी बाई असं तिघांचं छोटं बँड रोज संध्याकाळी बसायचं. पाऊण तास वाजवायचे, थोडा ब्रेक, परत सुरू. पहिल्या दिवशी ऐकणारे सहा जण, त्यातले दोन मोबाईलमध्ये. पण बोटीवर जाणार कुठे, रोज तीच माणसं तिथेच येऊन बसायला लागली, आणि तिसऱ्या रात्रीपासून पियानोवाला आम्ही आलो की आमची आदल्या दिवशीची फर्माईश परत वाजवायचा, ती पण वेगळ्या चालीत, ओळखा बघू असं तोंड करून. असं कॉन्सर्टला तिकीट काढून पण मिळत नाही हो.

आणि ही छोट्या बँडची पद्धत जुनीच आहे बरं का. टायटॅनिकवर पण 8 वादक होते, पण एरवी पाच जणांचा एक आणि तिघांचा एक असे दोन वेगळे गट वाजवायचे. (त्या खवळलेल्या रात्री हे मला नवऱ्याने सांगायची काहीएक गरज नव्हती.)

डेकवरच्या पूलजवळच्या बँडला मात्र पाचातले दोनच स्टार. साऊंड फुल्ल, त्यात वारा, गाण्याचे शब्द अर्धे समुद्रात. गिटारवाला दर दोन गाण्यांनी तारा जुळवत होता, उन्हात आणि खाऱ्या दमट हवेत वाद्य तरी काय करणार. मुलं खूश होती पण, नाचत होती.

शो तिकिटातच धरलेले होते, ड्रिंक्सचे वेगळे, आणि लाउंजात काही न घेता दोन तास बसलो तरी कुणी उठवलं नाही, हे आवडलं. रोजचं वेळापत्रक आदल्या रात्री केबिनमध्ये येतं, त्यात छोटे कार्यक्रम बारीक अक्षरात असतात, ते नीट वाचा.

केबिन बुक करताना डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून खाली काय आहे ते बघून घ्या. आम्ही बघितला नाही, आमची केबिन नेमकी डिस्कोच्या डोक्यावर, पहाटे दोनपर्यंत पलंगातून धमधम.