स्वस्तातली पहिली इलेक्ट्रिक गिटार: स्ट्रॅट की लेस पॉल?

इलेक्ट्रिक गिटारचे हे दोन प्रसिद्ध प्रकार. दिसायला लेस पॉलच सरस. तो जाड, फुगीर देह बघतच राहावा. पण मांडीवर घेतली की वजन जाणवतं. स्ट्रॅट मागून पोटाशी खोलगट कापलेली असते, म्हणून अंगाला बिलगते. बोटांना मात्र लेस पॉल सोपी: स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साधारण २४.७५ इंच, स्ट्रॅटचा २५.५. तेवढ्यानेही तार सैल लागते, बेंड (तार बोटाने ढकलून सूर चढवणं) सहज जातो.

स्ट्रॅटचे सिंगल-कॉइल पिकअप (तारेचं कंपन टिपणारे, एका कॉइलचे) स्वच्छ, किणकिणते, पण गेन, म्हणजे अँपवरचा आवाज फाटवणारा जोर, वाढवला की घूं सुरू. लेस पॉलचा हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, ती घूं मारतो आणि भरदार वाजतो.

कुठलीही घ्या, नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) कडेवरून हात फिरवून फ्रेटची (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं टोचतात का ते आधी बघा. मी स्ट्रॅट घेईन. नेककडचा आणि मधला पिकअप एकत्र लावून हलकेच छेडलेली कॉर्ड मला लेस पॉलवर मिळत नाही.