नवी छोटी गाडी की चार वर्षे वापरलेली भक्कम गाडी?

आमच्या मुलीला अठरा पूर्ण झाल्यावर कारचा पक्का परवाना मिळाला आणि कासारवडवलीहून ठाणे स्टेशनपर्यंत ती स्वतः गाडी नेणार हे ठरले, तेव्हा हाच प्रश्न आमच्यापुढे होता. साडेसहा लाखांच्या आत एका नामांकित कंपनीची नवी छोटी हॅचबॅक मिळत होती, तर सव्वापाच लाखांत 2021 ची, वरच्या व्हेरियंटची टाटा अल्ट्रॉझ.

कागदावर पाहिले तर नव्या गाडीचे पारडे जड होते. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आल्याने तिची किंमत आवाक्यात आली होती, वॉरंटी होती आणि सहा एअरबॅगही होत्या. वापरलेल्या गाडीत एअरबॅग दोनच होत्या, आणि हा फरक मी आजही हलका मानत नाही. मात्र जानेवारी 2020 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या ताशी 64 किलोमीटर वेगाच्या समोरील धडकेच्या चाचणीत अल्ट्रॉझचा सांगाडा स्थिर राहिला होता आणि प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला पाचपैकी पाच तारे मिळाले होते, याचाही मनावर परिणाम होताच.

निर्णय झाला तो मात्र शोरूममध्ये, सीटवर बसल्यावर. मुलीची उंची जेमतेम पाच फूट आहे. नव्या गाडीच्या आम्हाला परवडणाऱ्या व्हेरियंटमध्ये चालकाची सीट वरखाली होत नव्हती, त्यामुळे बॉनेटपुढचा रस्ता दिसावा म्हणून ती पाठ सोडून पुढे सरकून बसली आणि हनुवटी वर करून पाहू लागली. मी खिशातली टेप लावली, तर स्टिअरिंगच्या मध्यापासून तिच्या छातीपर्यंतचे अंतर वीस सेंटीमीटरसुद्धा भरले नाही. हे अंतर किमान पंचवीस सेंटीमीटर असावे असे सांगितले जाते, कारण एअरबॅग फार जवळून उघडली तर तिच्याच धक्क्याने इजा होऊ शकते. सेल्समनने आपुलकीने उशी घेण्याचे सुचवले. परंतु सुटी उशी धडकेत दबते, सरकते आणि सीटबेल्टचा पट्टा कमरेवरून पोटावर चढू शकतो. सीट वर घेण्याची सोय असलेला व्हेरियंट आमच्या हिशेबाबाहेर जात होता. घोडबंदर रोडवर सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्याला लागताना एका बाजूला कंटेनर आणि दुसऱ्या बाजूने घुसणाऱ्या दुचाक्या असतात. तिथे मान उंचावून गाडी चालवणारी मुलगी मला डोळ्यांसमोर आणवेना.

वापरलेल्या गाडीचे कष्ट वेगळे आहेत आणि ते टाळून चालत नाही. अपघातात सापडून दुरुस्त झालेल्या गाडीला तिचे तारे लागू पडतात असे समजू नये. आम्ही ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेले. त्याने दारांची रबरे ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके कंपनीतले आहेत का ते पाहिले आणि बॉनेटच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा शोधल्या. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागवला. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, बँकेच्या कर्जाचा बोजा होता, तो उतरल्यावरच पूर्ण पैसे दिले. चारही टायर लगेच बदलले, आणि तो खर्च मी किमतीतच धरतो. गाडी रुंद असल्यामुळे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती लावायला शिकण्यात मुलीचे दोन रविवार गेले.

ज्यांचे मूल उंच आहे, किंवा ज्यांना गाडी पारखणारे विश्वासाचे माणूस मिळत नाही, त्यांनी नवी गाडी घेतली तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. आमच्यासाठी मात्र अल्ट्रॉझमधला सीट वर करणारा खटका मोलाचा ठरला. पहिल्या दिवशी मुलीने सीट वर घेतली, स्टिअरिंग थोडे खाली झुकवले आणि पाठ पूर्ण टेकवून बसली. मी पुन्हा टेप लावली, तेव्हा अंतर सत्तावीस सेंटीमीटर भरले.