पॅरिसमधलं जे घर आम्ही भाड्याने घेतलं, ते भाड्याला नव्हतंच

८ मे २०२३, सोमवार, दुपारचे अडीच. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर चढत जाणाऱ्या रू लपिक या रस्त्यावर, एका बंद दारासमोर आम्ही पाच जण उभे होतो. आई, बाबा, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि मी. सोबत सहा बॅगा. दाराशेजारच्या बटणांवर मी चौथ्यांदा तोच कोड दाबला आणि चौथ्यांदाही दार उघडलं नाही. आई दमून बॅगेवर बसली होती. बाबा मात्र अजून आनंदात होते. खाली थोड्याच अंतरावर चित्रकार व्हॅन गॉगचं ५४ क्रमांकाचं घर होतं आणि टॅक्सीतून येताना त्यांना त्यावरची पाटी दिसली होती.

तेवढ्यात आतून एक वयस्कर बाई बाहेर आल्या. मी त्यांना मोबाइलवरचं बुकिंगचं पत्र दाखवलं. तिसरा मजला, डावीकडचं दार, आठ रात्री, पैसे पूर्ण भरलेले. त्यांनी ते वाचलं, आईकडे पाहिलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की तिसऱ्या मजल्यावर डावीकडे त्या स्वतः राहतात, वीस वर्षांपासून. असं पत्र घेऊन त्या वर्षात आलेलं आमचं तिसरं कुटुंब होतं.

त्या क्षणी काय वाटलं ते सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची कितीतरी कुटुंबं हेच करत असतात. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं काढून झालेली असतात आणि रात्र-रात्र जागून परवडणारं घर शोधणं चाललेलं असतं. त्यांच्यासाठी लिहितेय.

बाबा साताऱ्यात चित्रकलेचे शिक्षक होते. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं. व्हॅन गॉग १८८६ ते १८८८ अशी दोन वर्षं भाऊ थिओबरोबर ज्या घरात राहिला, ते रू लपिकवरचं घर एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा. आईला मधुमेह आहे. इन्सुलिनला फ्रिज लागतो आणि आठ दिवस बाहेरचं खाणं तिला झेपत नाही. पाच जणांना हॉटेलच्या दोन खोल्या घ्यायच्या म्हटलं तर खर्च हाताबाहेर जात होता. म्हणून दोन बेडरूमचं, स्वयंपाकघर असलेलं घर हवं होतं. मोठ्या साइटवर अशी घरं रात्रीला दोनशे ते अडीचशे युरोंना दिसत होती.

ती एवढी महाग का, हे मी आधी समजून घेतलं असतं तर पुढचं टळलं असतं. पॅरिसमध्ये आपलं राहतं घर पर्यटकांना वर्षातून जास्तीत जास्त १२० रात्रीच देता यायचं. २०२५ पासून तर महापालिकेने ही मर्यादा ९० रात्रींवर आणली आहे. दुसरं, गुंतवणुकीचं घर द्यायचं तर वापर बदलण्याची परवानगी काढावी लागते आणि ती सहज मिळत नाही. शहरातल्या लोकांनाच राहायला घरं उरत नव्हती म्हणून हे नियम आले. मला ते रास्त वाटतात. पण त्यामुळे नियमात बसणारी घरं थोडी आणि मागणारे अख्ख्या जगातून. अशा शहरात, मे महिन्यात, माँमार्त्रला दोन बेडरूमचं घर १२० युरोंना मिळत नाही. मला मिळालं ते या भावात.

जाहिरात एका फुकट जाहिरातींच्या साइटवर होती. फोटो सुंदर, पण भडक नाहीत. भांड्यांचं कपाट, जुनी लाकडी जमीन, खिडकीत लाल फुलांची कुंडी. मालकीण म्हणून जी कोणी लिहीत होती, ती सांगे की मी निवृत्त आहे, मुलीजवळ स्पेनमध्ये राहते, घर ओळखीच्या सुसंस्कृत कुटुंबांनाच देते. मी तिला मोकळेपणाने बाबांबद्दल लिहिलं, आईच्या इन्सुलिनबद्दल लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: स्वयंपाकघराच्या खिडकीतून व्हॅन गॉगचं घर दिसतं, तुमच्या वडिलांसाठी तिथे खुर्ची ठेवते. फ्रिज नवा आहे, आईंनी काळजी करू नये.

हे मेल मी आजही काढून वाचते आणि अंगावर काटा येतो. तिने स्वतःहून जवळजवळ काहीच सांगितलं नव्हतं. मी दिलेलंच मला परत दिलं होतं. मी मात्र ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.

पुढचा टप्पा पैशांचा. जाहिरातीच्या साइटवर पैसे घेता येत नाहीत, म्हणून तिने एका नामांकित बुकिंग कंपनीच्या पानाची लिंक पाठवली. तोच रंग, तोच लोगो, खाली पाहुण्यांचे अभिप्राय, कोपऱ्यात मदतीसाठी चॅटची खिडकी. चॅटवर मी विचारलं तेव्हा लगेच उत्तर आलं: तुम्ही घरात पोचून २४ तास होईपर्यंत पैसे आमच्याकडे सुरक्षित राहतील. पानाचा पत्ता मी नीट वाचला नाही. कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि आणखी एक शब्द होता. तेवढ्याने ते पान सर्वस्वी दुसऱ्याचं होतं आणि चॅटवर बोलणारा माणूसही त्यांचाच. मी खात्री करून घेतली ती चोराकडूनच.

त्याहून मोठी चूक म्हणजे रक्कम कार्डने नाही, तर बँकेतून थेट एका व्यक्तीच्या खात्यावर पाठवायची होती. कार्डाने दिलेल्या पैशांबाबत बँकेकडे तक्रार करून ते परत मागण्याची एक ठरलेली वाट असते. परदेशी खात्यात पाठवलेली रक्कम तिकडे जमा झाली, की समोरच्याच्या संमतीशिवाय परत येणं जवळपास अशक्य. मी स्वतः बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरला, पॅन कार्ड दिलं, कारणापुढे प्रवास असं लिहिलं. ९६० युरो भाडं आणि ३०० अनामत, मिळून १,२६०. आपले १ लाख १३ हजारांच्या आसपास. यातले निम्मे बाबांनी पेन्शनमधून बाजूला टाकलेले होते. तारीख १६ मार्च, पाडव्याला सहा दिवस होते.

फॉर्मवर लिहिलेला खाते क्रमांक मी स्वतः दोनदा तपासला होता, एकही अंक चुकू नये म्हणून. त्याची पहिली दोन अक्षरं मात्र माझ्या डोळ्यांत भरली नाहीत. युरोपातल्या या आयबॅन क्रमांकाची सुरुवात देशाच्या खुणेने होते. फ्रान्सचा असेल तर एफआर आणि एकूण २७ अक्षरं-अंक. माझ्याकडचा ईएसने सुरू होणारा, म्हणजे स्पेनचा होता. पान म्हणे बुकिंग कंपनीचं, घर पॅरिसचं आणि खातं स्पेनमधल्या कुणाचं तरी. मालकीण स्पेनला राहते ही गोष्ट पहिल्याच मेलमध्ये का आली होती, ते मला नंतर कळलं.

आणखी एक खूण तर जाहिरातीतच होती. पॅरिसमध्ये डिसेंबर २०१७ पासून पर्यटकांना द्यायच्या घराच्या जाहिरातीत महापालिकेचा तेरा आकड्यांचा नोंदणी क्रमांक देणं बंधनकारक झालं. आमच्या जाहिरातीत तो होता आणि तो पाहून मला हायसं वाटलं होतं. आता त्याची रचना बघा. पॅरिसचे वीस विभाग आहेत. माँमार्त्र अठराव्यात येतं. त्याचा पिनकोड ७५०१८, पण नोंदणी क्रमांकाची सुरुवात ७५११८ अशी होते. आमच्या जाहिरातीतला क्रमांक ७५१०४ने सुरू होत होता. तो चौथ्या विभागातल्या कुठल्यातरी खऱ्या घराचा, खऱ्या जाहिरातीतून उचललेला होता. पाच आकडे पाहिले असते तरी पुरलं असतं. फ्रान्समध्ये आता नोंदणीची पद्धत देशभरासाठी एकच होते आहे, तेव्हा जाण्याआधी त्या वर्षीची रचना पॅरिस महापालिकेच्या साइटवर पाहून घ्या. पण क्रमांक आहे म्हणजे घर खरं, असं धरून चालू नका. क्रमांक आणि पत्ता एकमेकांशी जुळतात का, ते बघा.

फोटोंचंही तेच. परत आल्यावर माझ्या मुलाने मोबाइलवर चित्रावरून शोध घेऊन पाच मिनिटांत दाखवलं, की ती लाल फुलांची कुंडी एका घरविक्रीच्या जुन्या जाहिरातीत आहे, शहरही दुसरंच. हे काम पैसे भरायच्या आधी करायचं असतं. आणखी एक गोष्ट मी आता हटकून करते. मालकाला व्हिडिओ कॉल लावायला सांगते आणि घराच्या दारातून रस्त्यापर्यंत चालत जाऊन दाखवा म्हणते. खऱ्या मालकाला त्यात अडचण वाटत नाही.

मधल्या त्रेपन्न दिवसांत मला शंका का आली नाही? एक कारण व्हिसा. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. मी तेच पत्र जोडलं आणि पाचही व्हिसे मिळाले. तेव्हा मनात पक्कं बसलं, की एवढ्या मोठ्या कचेरीने पाहिलेलं पत्र खोटं कसं असेल. पण व्हिसा मिळाला म्हणजे आपल्या घरमालकाची चौकशी झाली, असं मुळीच नाही. कागदपत्रं पाहणं वेगळं आणि तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं ते जाऊन बघणं वेगळं. चोरांनाही हा मधला काळच हवा असतो. फसवणूक झाली मार्चमध्ये, मला कळली मेमध्ये. तोवर खातं रिकामं होऊन बंदही झालं होतं.

त्या दुपारी त्याच बाईंनी आम्हाला आत बोलावलं, आईला पाणी दिलं, इन्सुलिनची पिशवी स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि तीन हॉटेलांना फोन केले. ८ मे म्हणजे तिकडे युद्धसमाप्तीच्या स्मरणाची सुट्टी, निम्मी दुकानं बंद. शेवटी गार द लेस्त स्टेशनजवळ दोन खोल्या मिळाल्या. आठ रात्रींचे १,९२० युरो. जे टाळण्यासाठी एवढं केलं, ते भरावं लागलंच आणि वर १,२६० गेले. जवळच ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं आणि खाणावळी आहेत, तिथे आईच्या भाता-वरणाची सोय झाली. नाहीतर तिचे फार हाल झाले असते.

बाबांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी म्युझे दोर्से या संग्रहालयात व्हॅन गॉगच्या आर्लमधल्या खोलीच्या चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले. परतीच्या आदल्या दिवशी रू लपिकला जाऊन समोरच्या फुटपाथवर बसून त्यांनी ५४ क्रमांकाच्या घराचं पेन्सिलने चित्र काढलं. मी शेजारी उभी होते, पण त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

पोलिसांकडे आम्ही तिथेच तक्रार दिली. दोन-अडीच तास गेले, पण शिक्क्याची पोच मिळाली आणि ती पुढे प्रत्येक ठिकाणी लागली. भारतात आल्यावर बँकेने रक्कम परत मागवण्याचा प्रयत्न केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, खातं बंद. खात्यावरचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाव जुळतं का, हे तपासून सांगण्याचं बंधन युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांवर आलं ते ९ ऑक्टोबर २०२५ पासून, आणि तेही युरोपातल्या युरोपात पाठवलेल्या युरोंसाठी. भारतातून पाठवताना या नियमावर विसंबू नका. पैसे गेल्याचं त्याच दिवशी लक्षात आलं, तर एक क्षण न दवडता बँकेला कळवा आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांतच काही थांबवता येण्याची शक्यता असते. मी फोन केला तेव्हा दोन महिने उलटले होते. तक्रार नोंदली गेली, एवढंच.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही, कारण ती मलाही उशिरा कळली. मालकिणीने विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पासपोर्टची प्रत पाठवली होती आणि परदेशी पाहुण्यांची नोंद करावी लागते म्हणून माझी मागितली होती. हॉटेलांत अशी नोंद खरोखर होते, म्हणून मी पहिलं पान स्वच्छ स्कॅन करून पाठवलं. त्यावर ना खूण केली, ना कशासाठी दिलं ते लिहिलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत फेसबुकवर ब्राझीलच्या एका अनोळखी बाईचा निरोप आला. भाषांतर करून लिहिलेलं इंग्रजी, खूप आदराने. तुमच्या पासपोर्टची प्रत मिळाली, तुम्ही सज्जन दिसता, तरी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून लिहिते. जूनमध्ये तुमचं बार्सिलोनातलं घर आम्हाला सात रात्री मिळेल ना? आईला घेऊन यायचं आहे.

मला ज्या बाईचा पासपोर्ट आला होता, ती कोण असेल, ते तेव्हा उमगलं. मी हातातलं काम टाकून तिला लिहिलं: माझं बार्सिलोनात घर नाही, मी पुण्यात राहते, पैसे पाठवू नका. तिथल्या पर्यटक घराला एचयूटीबीने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो मागा आणि पत्त्याशी जुळवून बघा. मग माझ्या तक्रारीची पोच, रू लपिकच्या त्या दाराचा फोटो आणि मला आलेले सगळे मेल जोडले. वीस मिनिटांनी तिचं उत्तर आलं. ती बँकेच्या रांगेत उभी होती.