कॅमेऱ्याची बॅग की ट्रेकची सॅक?

दुकानात पाठीला लावून बघितली तर कॅमेऱ्याची खास बॅगच जिंकते. प्रत्येक लेन्सला मऊ कप्पा, लॅपटॉपला खण, चेन ओढली की सगळं समोर. पण दुकानात चढ नसतो. सह्याद्रीत एक-दोन दिवसांचे ट्रेक करणाऱ्यानं काय घ्यावं, एवढ्यापुरतंच बोलतो.

फुल-फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला कॅमेरा) आणि २४-७० एफ २.८ ही जाडजूड झूम लेन्स एवढंच सव्वा ते दीड किलो भरतं. वर दोन-तीन लिटर पाणी, डबा, टॉर्च, जर्किन. हा भार कमरेवर टेकायला हवा, खांद्यांनी तो नुसता सावरायचा. ट्रेकिंग सॅकचा रुंद कमरपट्टा कमरेच्या हाडांवर नीट आवळला की ते जमतं. मध्यम किमतीच्या बऱ्याच कॅमेरा बॅगांना पट्टा म्हणून एक नाडी असते, बॅग हलू नये इतपत. शिवाय गाद्यांमुळे रिकामी बॅगच जड, आणि उरलेल्या जागेत डबा कोंबताना पुरेवाट.

तिचा एक फायदा मात्र खरंच मोठा: पाठीच्या बाजूनं उघडणारी बॅग घेतली तर चिखलात टेकवताना बाहेरची बाजू खाली जाते आणि पट्टे वर, कोरडे राहतात. कासच्या पठारावर किंवा राजमाचीच्या रुंद वाटेवर, जिथे दर दहा मिनिटांनी लेन्स बदलायची असते, तिथे ही बॅग घ्याच. मुक्कामी ट्रेकला नको.

मुक्कामाला ४०-५० लिटरची साधी सॅक आणि तिच्या आत गादीचा सुटा खोका. दुकानात ‘कॅमेरा इन्सर्ट’ म्हटलं की देतात. हा खोका पूर्वी मी तळाशी टाकायचो. चूक. स्लीपिंग बॅग तळाला, खोका तिच्यावर, पाठीला चिकटून. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे खेचते आणि आपण सगळा चढ पुढे वाकून चढतो. दुसरं कारण पावसानं शिकवलं. रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, तिथून ओघळलेलं पाणी कव्हरच्या पोटात साठतं. हरिश्चंद्रगडाच्या देवळापाशी सॅक उतरवली तेव्हा त्यात तांब्याभर पाणी होतं आणि खोका खालून ओलाकिच्च. तेव्हापासून सॅकच्या आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, मग सामान.

या सॅकची गैरसोय उघड आहे. कोकणकड्यावर ढग फाटतात ते मिनिटभर. तोवर आपण सॅकच्या नाड्या सोडत बसलेले.

म्हणून कॅमेरा पुढे घ्यायची सोय लागतेच. खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी धातूची क्लिप घ्या. पीक डिझाइनची ‘कॅप्चर’ त्यातली सगळ्यांना माहीत असलेली, वजन जेमतेम ८५ ग्रॅम. छोट्या लेन्सला झकास. २४-७० लावलीत तर दिवसभर एकच खांदा ओढला जातो. छातीवरचा पाऊच दोन्ही पट्ट्यांना अडकतो, भार वाटला जातो, धूळ लागत नाही. पण पायाखालचं दिसत नाही, आणि घसाऱ्यावरून उतरताना तेच महागात पडतं. उन्हाळ्यात छातीवर घामाची आंघोळ, ती वेगळीच.

अवघड टप्प्यावर मात्र दोन्ही बाद. हरिहरच्या पायऱ्या खोबण्यांत बोटं घालून, अंग कातळाला चिकटवून चढाव्या लागतात. छातीवर जे असेल ते आधी दगडाला घासतं. माझ्या लेन्सपुढच्या एका काचेच्या फिल्टरवर त्याची अर्धगोल खूण आहे. पहिल्या पायरीच्या आधीच कॅमेरा आत.

ट्रायपॉड सॅकच्या बाजूला उभा बांधा, दुसऱ्या बाजूला भरलेली बाटली. खाली आडवा बांधला तर कळसूबाईच्या शिड्यांच्या कठड्यात तो अडकतो आणि मागे रांग खोळंबते. रविवारी तर विचारूच नका.

एकदाच पैसे घालायचे असतील तर मी चांगल्या कमरपट्ट्याची सॅक, खोका आणि क्लिप घेईन. पाऊच नंतर, वाटलाच तर. खरेदीला जाताना स्वतःचा कॅमेरा आणि पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या सोबत न्या. सॅकमध्ये भरा, पट्टा आवळा आणि दुकानाचा जिना चार वेळा चढून-उतरून बघा.