मुलाखती उतरवून काढण्यासाठी गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग

दिवाळी अंकांसाठी मी मुलाखतींचं शब्दांकन करते. बहुतेक मुलाखती अकोला-वाशीमकडच्या शेतकऱ्यांच्या. रेकॉर्डिंग मागेपुढे करत टाइप करताना मनगट भरून यायचं, म्हणून बोलून टाइप करण्याकडे वळले. आता पहिला खर्डा मी गूगल डॉक्समध्येच करते.

क्रोममध्ये डॉक उघडायचं, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग, भाषांच्या यादीतून मराठी. पैसे लागत नाहीत, इंटरनेट मात्र हवं. रेकॉर्डिंगची फाइल ते घेत नाही, फक्त माइकमधलं ऐकतं. अनेकांना ही उणीव वाटते, मला हीच सोय वाटते. हेडफोनवर मुलाखत ऐकायची आणि वाक्य आपल्या तोंडाने म्हणायचं. बीबीसीच्या थेट कार्यक्रमांची सबटायटल्सही अनेक वर्षं याच पद्धतीने होत आली आहेत. तिला रीस्पीकिंग म्हणतात. रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक्टर असतो, पंखा असतो, दोघं एकदम बोलत असतात. माझ्या खोलीत एकच आवाज, तोही माइकजवळ. शिवाय ज्यांनी विश्वासाने कर्जाबद्दल सांगितलं, त्यांचा आवाज या पद्धतीत कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. जातो तो माझा.

फाइल चढवून मजकूर देणारी एक सशुल्क वेबसाइटही वापरून पाहिली. तिने ‘पऱ्हाटी’चं, म्हणजे कपाशीचं, सगळीकडे ‘मराठी’ केलं. ते निदान डोळ्यांना खुपतं. पण ‘मले’चं ‘मला’ आणि ‘काहून’चं ‘का’ झालेलं वाचताना कळतही नाही, आणि माणसाची बोली गुपचूप पुसली जाते. याचा मला खरंच राग येतो. मशीनला छापील मराठीची सवय, त्यामुळे वऱ्हाडी वाक्य मी स्वतः माइकमध्ये म्हटलं तरी हा धोका राहतोच. म्हणून मी प्रश्न आणि साधी निवेदनाची वाक्यं बोलून घेते, बोलीतली उत्तरं हातानेच टाइप करते, आणि शेवटी मजकूर समोर ठेवून पूर्ण रेकॉर्डिंग पुन्हा ऐकते. मुलाखत सगळीच ठसक्यातल्या वऱ्हाडीत असेल तर हे साधन बाजूलाच ठेवते.

विरामचिन्हंही हातानेच घालावी लागतात. बोलून चिन्हं देण्याची सोय इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा मोजक्या युरोपीय भाषांपुरती आहे, मराठीत नाही. पूर्णविरामाविना पानभर मजकूर वाचणं त्रासाचं, त्यामुळे प्रत्येक उत्तर संपलं की मी थांबून एंटर मारते.

प्रमाण मराठीत बोलणारे प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी यांच्या मुलाखती असतील तर बिनधास्त वापरा. तोंडाजवळ माइक येणारा हेडसेट मात्र घ्या, लॅपटॉपच्या माइकवर विसंबू नका.